लाल मुठीचा चाकू

रंगनाथभाऊ,

अठरा वर्षं मी तुम्हाला एकाच गोष्टीवरून चिडवलं. दुकानात चार गिऱ्हाइकं उभी असली की मला हटकून आठवायचं. "चाकू कसा घ्यायचा ते ह्यांना विचारा," मी म्हणायची, "ह्यांचा राजाचा हात आहे. साधासुधा चाकू ह्यांच्या हातात बसत नाही." लोक हसायचे. तुम्हीही हसायचा, उपरण्यानं तोंड पुसायचा आणि म्हणायचा, "भाभी, चहा सांगा."

आज तुम्हाला जाऊन तेरा दिवस झाले. परवा तुमच्या घरी जाऊन आले, आणि तेव्हापासून ते हसणं माझ्या कानातून जात नाही. दुकान उघडते, बसते, गिऱ्हाईक काय मागतं ते दोनदा विचारते. शेवटी आज दुपारी शटर अर्धं ओढून वही घेतली. तुम्ही हे वाचणार नाही, हे कळतं मला. वाचायचा तुम्हाला तसाही कंटाळाच. खताच्या पोत्यावरचं सुद्धा माझ्याकडून वाचून घ्यायचा.

पहिल्यांदा तुम्ही आलात तेव्हा आमच्या यजमानांना जाऊन चार महिने झाले होते. टेंभुर्णीच्या पेठेतलं आमचं हार्डवेअरचं दुकान चार महिने बंद होतं. आमच्या लोकांत तेव्हा विधवेनं कोपरा धरायचा, गल्ल्यावर बसायचं नाही. माझे जेठ, म्हणजे ह्यांचे मोठे भाऊ, जालन्याला असत. त्यांचं म्हणणं, दुकान काढून टाकावं आणि मी दोघी मुलींना घेऊन त्यांच्या घरी मागच्या खोलीत राहावं. मी ती खोली पाहिली होती. तिला खिडकी नव्हती. मी त्यांच्या पाया पडून एक वर्ष मागून घेतलं. ते म्हणाले, "ठीक आहे, एक वर्ष. पण दुकानाची एक जरी तक्रार माझ्या कानावर आली, तर त्याच दिवशी कुलूप."

मी बसले. माणसं पायरीपर्यंत यायची, मला गल्ल्यावर बघायची आणि "मंग येतो" म्हणून निघून जायची. पूर्ण आठवडा तेच. आणि मग तुम्ही आलात. डोक्याला रुमाल, खांद्यावर उपरणं, पायाला शेतातली माती तशीच. "भाभी, बिजागरी पायजे अन् तिचे इस्क्रू." मी बिजागरी दिली आणि स्क्रू दिले चुकीचे. तुम्ही हसला नाहीत. आत आलात, खोकं स्वतः काढलंत, दोन स्क्रू माझ्या हातावर ठेवलेत. "हा लाकडाचा, हा पत्र्याचा. टोक बघून ठेवा."

पुढच्या बाजाराला परत बिजागरी. त्याच्या पुढच्यालाही. त्या दोन महिन्यांत तुम्ही माझ्याकडून पाच जोड बिजागऱ्या नेल्यात, भाऊ. परवा तुमच्या घरी बसले होते तेव्हा मी दारं मोजली. दोन.

तुमचा खिशातला चाकू तेव्हा घासून घासून दाभणासारखा झाला होता. तुमच्या वडिलांचा होता बहुतेक. पोत्याची सुतळी कापायला तोच, काटा काढायला तोच, मोसंबी सोलायला, जनावराचं दावं तोडायला, सुपारी फोडायला तोच. माझी धाकटी शाळेतून लंगडत आली तेव्हा तिच्या टाचेतला बाभळीचा काटा तुम्ही त्याच चाकूनं काढलात. आधी काडी पेटवून टोक शेकलंत आणि तिला विचारलंत, "तुझ्या बाईचं नाव काय गं?" ती नाव सांगेपर्यंत काटा बाहेर.

त्या दिवशी तुम्ही मला म्हणालात, "भाभी, ह्या शिवारात घडीचा चांगला चाकू कुठंच भेटत न्हाई. महाग भेटतो, तो माणूस पेटीत ठेवतो. सस्ता भेटतो, तो दोन महिन्यांत ढिला व्हतो. सस्ता बी असावा अन् खिशात रोज ऱ्हावा, असा चाकू जो ठेवंल त्याच्याकडं आख्खी पंचक्रोशी येईन."

मी ते मनावर घेतलं. जालन्याहून एक फिरता विक्रेता यायचा. त्याच्याकडून मी तीन डझन चाकू मागवले. लाल प्लास्टिकची मूठ, आरशासारखं पातं, आणि उघडलं की खटका बसल्याचा टक्कन आवाज. कुणालाही न विचारता मी मागवलेला तो पहिला माल. जेठांना नाही, माहेरी नाही, तुम्हालाही नाही. खोकं आलं त्या दुपारी एकटीच बसून मी चाकू उघडत होते, मिटत होते. तो आवाज ऐकून मला किती दिवसांनी बरं वाटलं होतं, ते तुम्हाला कधी सांगितलं नाही.

तुम्ही आलात, एक उचललात. उघडलात. मी तुमच्या तोंडाकडं बघत होते.

"आवाज झकास हाय," तुम्ही म्हणालात. "पर आवाज काय पातं धरून ठेवत न्हाई, भाभी."

मला राग आला. "बघा मग दाबून."

पात्याची पाठ फळीवर टेकवून तुम्ही जोर लावलात. खटका धरून राहिला. तुम्ही मान डोलावली, पण चाकू खाली ठेवला नाहीत. "आत्ता तर धरलं. नवं समदंच धरतं. खिशात ऱ्हाऊ द्या, धूळ जाऊ द्या, घाम लागू द्या, मंग कळंल."

"मग तुम्हीच वापरा ना," मी म्हणाले. "महिनाभर खिशात ठेवा आणि सांगा. तोवर मी एकही विकत नाही."

तुमची परीक्षा मान्य आहे म्हणून नव्हतं ते. महिन्यानं सगळ्यांसमोर तुमच्याच तोंडून माझ्या मालाचं कौतुक ऐकायचं, एवढंच माझ्या मनात होतं. तुम्ही चाकू बंडीच्या खिशात टाकलात, वरून थोपटलात आणि गेलात.

महिना भरलाच नाही. अठरा-वीस दिवसांत तुम्ही परत आलात. बाजाराचा दिवस नव्हता. उजवा हात उपरण्यात गुंडाळलेला, पण थंडीचे दिवस होते, मला काही वाटलं नाही. पायरीवरूनच म्हणालात, "भाभी, ते चाकू परत पाठवा."

"का? काय झालं?"

"हातात बसत न्हाई."

"एवढंच?"

"एवढंच."

"आणि तुम्हाला दिलेला चाकू कुठंय?"

"हरवला."

मी बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. म्हणाले, चाकू हरवून यायचं आणि वर मालाला नावं ठेवायची, हा कुठला न्याय? तुमच्या हातात बसत नाही म्हणून तीन डझन चाकू परत पाठवू? बाई बसलीय म्हणून तुम्हा सगळ्यांनाच हुशारी सुचते. तुम्ही ऐकून घेतलंत. मग इतक्या शांतपणे बोललात की मला आणखीच राग आला. "भाभी, माझं ऐकायचं असंल तर एक बी विकू नका. विकायचे असतील तर विका. पर मंग मी ह्या दुकानाची पायरी चढणार न्हाई."

खोकं मी परत पाठवलं. पण खरं सांगते, तुमच्यावर विश्वास होता म्हणून नाही. त्या वेळी माझ्याकडं नेमानं येणारं गिऱ्हाईक एकच होतं आणि ते गमवायची माझी ताकद नव्हती. जेठांना कळलं तेव्हा ते हसले. "पहिलाच माल परत?" म्हणाले. मी घरात जाऊन पिठाच्या डब्यामागं तोंड करून रडले, आणि तुम्हाला मनातल्या मनात फार वाईट बोलले.

पुढच्या महिन्यात तुमचा हात उघडा दिसला. उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट ताठ, मध्यावर लाल वण. "हे काय?" मी विचारलं.

"इळा लागला."

आणि मी काय म्हणाले, भाऊ? "विळा धरता येत नाही आणि माझ्या चाकूला नावं ठेवता!"

तुम्ही हसलात. खरंच हसलात. तुमचं ते हसणं खोटं होतं असं मला आजही म्हणता येत नाही.

त्यानंतर मात्र तुम्ही मला शिकवायला लागलात. दुसऱ्या ठिकाणचे चाकू आले की ठेवायच्या आधी एकेक तपासायचा. चाकू मिटलेला असताना डोळे झाकून हातात फिरवायचा. मुठीची कुठली कोर टोचते का ते बघायचं, कारण तीच कोर पुढं खिसा फाडते. उघडताना पात्यावरच्या खाचेत नख बसतं का घसरतं. पातं चिमटीत धरून हलवायचं. हललं तर सांध्याचा खिळा सैल. सुतळी एका ओढीत तुटली पाहिजे, कडुनिंबाची काडी तिरपी कापली गेली पाहिजे. मोसंबी कापून पातं न पुसता दुपारपर्यंत ठेवायचं आणि डाग किती पडतो ते बघायचं. मग सगळ्यात शेवटी खटका. त्यासाठी तुम्ही बाभळीचा एक ठोकळा आणून दिलात. मूठ वरून कशी धरायची ते दाखवलंत. आणि माझी बोटं जरा जरी पात्याच्या वाटेवर आली की ओरडायचा, "बोटं बाजूला! भाभी, बोटं बाजूला!" तुम्ही कधी कुणावर आवाज चढवला नाहीत. फक्त तेवढ्या एका गोष्टीवर. मला वाटायचं, माणूस भारी चिकित्सक आहे.

दहातले चार चाकू मी परत करायला लागले. विक्रेते कुरकुरले, मग सुधारले. जे सहा राहायचे ते काळ्या मुठीचे, दिसायला साधे, आवाज न करणारे. ते गेले हसनाबादपर्यंत. पिंपळगाव रेणुकाईच्या यात्रेत कुणीतरी कुणाला सांगताना माझ्या बहिणीनं ऐकलं होतं, "टेंभुर्णीच्या भाभीकडचा हाय, बिलकुल मिटत न्हाई." वर्ष संपलं तेव्हा जेठ आले. दुकानात उभं राहायला जागा नव्हती. ते बाहेरच्या बाकावर बसले, चहा प्यायले, कुलपाचा विषय काढला नाही. नंतरही कधी काढला नाही. मुलींची शिक्षणं, लग्नं सगळं त्या दुकानावर झालं.

एक बाजार मला नेहमी आठवतो. दुकानासमोर एक बैल टेम्पोत चढवत होते. पाय घसरला, बैल फळीवरून खाली आला आणि गळ्यातला दोर टेम्पोच्या दांडीला अडकून आवळला. जीभ बाहेर आली. पाच-सहा माणसं नुसती ओरडत होती, कुणी गाठ सोडत होतं. गाठ काय सुटते? तुम्ही माझ्याशी पाण्याच्या पाइपाबद्दल बोलत होतात. बोलता बोलता पायऱ्या उतरलात, चाकू काढलात, दोर कापलात. बैल धाडकन बसला, फुसफुसला, जगला. तुम्ही चाकू पुसून परत येऊन म्हणालात, "तर मंग तो पाइप एक इंचीच द्या."

चाकू तुम्ही डाव्या हातानं उघडला होता. मी विचारलं, "डावखुरे कधी झालात?"

"बैलाला चालतंय, तुमाला काय व्हतंय?" तुम्ही म्हणालात. त्यावरही लोक हसले. मीही.

आणि ती शेवटची भेट. दीड महिना झाला असेल. रंगीत, चकचकीत, परदेशी बनावटीचे चाकू आता पावलापावलावर मिळतात, मीही ठेवले होते. तुम्ही एक उचललात, हलवलात, पातं लगेच डुललं. माझ्याकडं बघितलंत. मी फोनवर होते, मागं गिऱ्हाईक होतं. म्हणाले, "भाऊ, आता ते सगळं जुनं झालं. लोक दिसायला बघून घेतात, खराब झाला की फेकतात. कोण तपासत बसतं?"

"फेकायच्या आधी येखांदा डाव तर वापरतील ना?" तुम्ही म्हणालात.

मी हातानं 'थांबा' अशी खूण केली आणि फोनवर बोलत राहिले. फोन ठेवला तेव्हा तुम्ही पायरी उतरला होतात. अठरा वर्षांत चहा न घेता गेलात ते त्याच दिवशी.

मग तुमच्या गावचा माणूस सांगत आला की रंगनाथभाऊ मळ्यातून येताना बांधावर बसले, ते बसलेच. मी पहिल्या दिवशी आले होते. गर्दी होती, तुमच्या गयाबाईंजवळ बसता आलं नाही. म्हणून परवा परत गेले. तुमची बायको मला नीट ओळखीची नव्हती, हेही मला त्यांच्यासमोर बसल्यावरच जाणवलं. एवढ्या वर्षांत त्या एकदाही दुकानात आल्या नव्हत्या. मला वाटायचं, त्यांना बाजाराची आवड नसेल.

सून पाणी ठेवून आत गेली. गयाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. डोळे कोरडे. मी तुमच्याबद्दल बोलायला लागले. बैलाचं सांगितलं, काट्याचं सांगितलं. आणि मला कुठून सुचलं देव जाणे, हसू आणावं म्हणून मी तो राजाच्या हाताचा किस्सा सांगितला.

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "त्या बोटाचं तुमाला कधीच बोल्ले न्हाईत का हो?"

"विळ्याचं? हो, सांगितलं होतं की."

"इळा न्हवता त्यो."



"मोसंबीची वाळकी फांदी काढत व्हते," त्या म्हणाल्या. "तुमचा लाल चाकू. पातं फांदीत गुतलं, वढाया गेले अन् खटका सुटला. बोटावरच मिटला. आतली शीर तुटली. जाफराबादला नेलं, तिथून जालन्याला. डाक्टर म्हणला, बोट ऱ्हाईन पर वाकायचं न्हाई. घरी आल्यावर मी म्हणलं, आत्ताच्या आत्ता जाते अन् भर बाजारात त्या बाईला इचारते. त्यायनी मला लेकराची आण घातली."

"का?"

"म्हणले, 'तिचा जेठ वाट पाहून राह्यला. टेंभुर्णीत एका माणसाला कळलं तर सांजच्याला जालन्यात कळंल. माझं एक बोट गेलं, गये. तिचं अन् तिच्या दोन पोरींचं समदंच जाईन.' चाकू मीच हिरीत फेकला. मंग म्हणले, 'बरं झालं. हरवला म्हणून सांगायला मोकळा.'"

 मी काय काय बोलले होते ते एकेक समोर येत होतं. विळा धरता येत नाही. डावखुरे कधी झालात. राजाचा हात. लोकांसमोर, अठरा वर्षं. आणि तुम्ही म्हणत होतात, भाभी, चहा सांगा.

गयाबाई माझ्याकडं न बघता बोलत राहिल्या. "सदऱ्याचं वरचं बटन त्यायला लागायचं न्हाई. रोज सकाळी मी लावून द्यायची. अन् रोज सकाळी मला तुमचा राग यायचा. म्हणून मी कधी दुकानात आले न्हाई. आले असते तर बोलून गेले असते."

मी त्यांचे दोन्ही हात धरले. माफ करा म्हणाले. दुसरं काही सुचलं नाही. मी चाकू निवडला होता, मीच वापरायला दिला होता, एवढं कसंबसं बोलले.

त्यांनी माझ्या हातांकडं बघितलं. मग म्हणाल्या, "आता राग तरी कव्हा करू, भाभी? सकाळ व्हते अन् हात रिकामेच ऱ्हातेत."

आणि त्या रडल्या. सून आतून धावत आली आणि दारातच थांबली. तुम्ही गेल्यापासून त्या रडल्याच नव्हत्या, हे तिनं मला निघताना सांगितलं. आम्ही दोघी कितीतरी वेळ तशाच बसून होतो. मला उठावंसं वाटलं नाही आणि त्यांनी मला ऊठ म्हटलं नाही.

भाऊ, मी तुमच्यावर रागावलेही आहे. एकदा सांगायचं होतंत. पहिल्या वर्षी नाही, कबूल. पण पाचव्या वर्षी, दहाव्या वर्षी, मुलींची लग्नं झाल्यावर? तेव्हा मला कुणी कुलूप लावणार नव्हतं. तुम्ही सांगितलं असतंत तर मी निदान तो विनोद थांबवला असता. गयाबाईंचा राग समोर घेतला असता. पण मग वाटतं, तुम्ही कशाला सांगाल? मी मान खाली घालून बसले असते आणि त्या दिवसापासून तुम्ही आमच्या दुकानात मोकळेपणानं हसला नसतात. तुम्हाला माझ्या माफीपेक्षा माझा चहा बरा वाटला असेल.

तरी मला सांगायचंय. तो चाकू वाईट होता. मला आवाज आवडला म्हणून मी तो घेतला आणि माझा हट्ट तुमच्या खिशात घातला. तुम्ही हात दाखवला असतात तर माझं दुकान गेलं असतं, तुम्ही तो उपरण्यात झाकलात. रंगनाथभाऊ, माझं चुकलं. तुम्ही पायरीवर उभे असताना हे बोलायला हवं होतं. फोन ठेवून बोलायला हवं होतं.